न झालेल्या गोलांचा हिशेब: एका दुहेरी आघाडीपटूचे संख्याशास्त्रीय मूल्यमापन

प्रकरणाची मांडणी

उत्तर अमेरिकेतील बर्फावरच्या हॉकीच्या नॅशनल हॉकी लीगचा, म्हणजेच एनएचएलचा, फ्रँक जे. सेल्की करंडक 2022 साली बोस्टन ब्रुइन्स संघाचा कर्णधार पॅट्रिस बर्जरॉन याला पाचव्यांदा मिळाला. बचावाच्या अंगाने सर्वांत सरस ठरलेल्या आघाडीपटूला हा करंडक 1977-78 च्या हंगामापासून दिला जातो आणि त्याचा निवाडा हॉकीवर लिहिणाऱ्या पत्रकारांची संघटना मतदानाने करते. पहिल्या चारही वर्षी तो जिंकणाऱ्या बॉब गेनी याच्याशी बर्जरॉनची तोवर बरोबरी होती. 2022 च्या निकालाने तो एकटा पुढे गेला, 2023 साली त्याने सहावा करंडक मिळवला आणि त्याच उन्हाळ्यात निवृत्ती स्वीकारली. संपूर्ण कारकीर्द एकाच संघात, 1,294 सामने, 427 गोल आणि 613 साहाय्ये (सहकाऱ्याच्या गोलाआधी दिलेले पास), असा त्याचा ढोबळ हिशेब आहे.

या प्रकरणाचा विषय मात्र त्याची संपूर्ण कारकीर्द हा नसून 2021-22 हा एकच हंगाम आहे. त्या हंगामात तो छत्तीस वर्षांचा होता, 82 पैकी 73 सामने खेळला आणि त्याने 25 गोल व 40 साहाय्ये नोंदवली. आकडे चांगले आहेत, पण लीगमधील अव्वल गोलवीरांच्या पंक्तीत बसणारे नाहीत. तरीही त्या वर्षीच्या विश्लेषकांच्या तक्त्यांमध्ये त्याचे नाव अगदी वरच्या ओळींत दिसत होते. पुण्यातील संख्याशास्त्राचे विद्यार्थी, काही अध्यापक आणि मैदानी हॉकीचे प्रशिक्षक अशा आमच्या अभ्यासगटासमोर त्यामुळे प्रश्न ठेवला गेला तो असा: बर्जरॉनच्या त्या हंगामाची थोरवी सार्वजनिक माहितीवरून सिद्ध करता येते का, आणि सिद्ध झाली तर तिच्यातला किती वाटा त्याचा स्वतःचा आहे?

प्रश्नाचा दुसरा भाग पहिल्यापेक्षा पुष्कळ कठीण आहे आणि या लेखाची बरीचशी जागा त्यालाच दिली आहे.

खेळाची थोडी ओळख

पुण्यात हॉकी म्हटले की खडकीची मैदाने, धनराज पिल्ले आणि पिंपरीतील नेहरूनगरचे मेजर ध्यानचंद मैदान डोळ्यांसमोर येते. बर्फावरच्या हॉकीत गोलरक्षकाखेरीज पाचच खेळाडू एका वेळी उतरतात: दोन बचावपटू, दोन विंगर आणि एक सेंटर. सामना प्रत्येकी वीस मिनिटांच्या तीन सत्रांत चालतो. खेळ इतका दमवणारा असतो की एका खेळाडूची पाळी साधारण पाऊण मिनिटाची असते आणि बहुतेक बदल्या खेळ न थांबवताच होतात. बर्जरॉन सेंटर होता. चेंडूऐवजी जी रबरी चकती वापरतात, त्या पकचा ताबा गेला की सेंटरने आपल्या गोलसमोर खोलवर परतून बचावपटूंना हातभार लावायचा आणि पक मिळताच पुन्हा चढाईत पहिल्या ओळीत दिसायचे, अशी त्याची कामगिरी असते. ही दोन्ही कामे सारख्याच निष्ठेने करणारा तो दुहेरी आघाडीपटू, इंग्रजीत ज्याला टू-वे फॉरवर्ड म्हणतात.

गटातील एका प्रशिक्षकाने सुरुवातीलाच विचारले, “सर, पोरगा धावत मागे आला म्हणून समोरच्यानं पासच दिला नाही, तर ते तुमच्या कागदावर कुठं दिसणार?” पासच दिला गेला नाही, तर नोंद कशाची करायची? गोल, साहाय्य, अडवणूक, हिसकावलेला पक या सर्व घडलेल्या घटना आहेत. दुहेरी आघाडीपटूची अर्धी किंमत न घडलेल्या घटनांमध्ये आहे. या प्रश्नाला संख्याशास्त्राचे उत्तर अप्रत्यक्ष आहे, पण ते उत्तर आहे: एक घटना घडली नाही हे दिसत नसले, तरी हजार मिनिटांत ज्या घटना सरासरीने जितक्या घडायला हव्या होत्या त्यापेक्षा कमी घडल्या, हे दिसते.

गोल मोजून का भागत नाही

या विचाराचे सर्वांत जुने रूप म्हणजे अधिक-उणे ही नोंद. खेळाडू बर्फावर असताना आपल्या संघाने गोल केला तर अधिक एक, समोरच्याने केला तर उणे एक. समोरचा खेळाडू शिक्षेमुळे बाहेर असताना संख्याधिक्याच्या जोरावर केलेले गोल मात्र धरायचे नाहीत. लीग ही नोंद 1960 च्या दशकाच्या अखेरीपासून अधिकृतपणे ठेवते. कल्पना योग्य आहे, कारण ती खेळाडूच्या हातून काय घडले हे न विचारता त्याच्या उपस्थितीत संघाचे काय झाले हे विचारते. अडचण गोलांच्या दुर्मिळतेची आहे.

हे आकड्यांत पाहणे उपयोगी आहे. बर्जरॉनसारखा सेंटर एका हंगामात पाच विरुद्ध पाच अशा समान स्थितीत साधारण हजार मिनिटे खेळतो. त्या काळात सरासरी संघ दर साठ मिनिटांत अडीचच्या आसपास गोल स्वीकारत होता, म्हणजे सरासरी खेळाडूच्या हजार मिनिटांत सुमारे 42 गोल त्याच्या संघावर होणार. गोल पॉयसाँ वितरणाप्रमाणे, म्हणजे तुरळक आणि परस्परांपासून स्वतंत्र घटनांसारखे घडतात असे धरले, आणि हॉकीत हे गृहीतक बऱ्यापैकी टिकते, तर प्रमाण विचलन, म्हणजे सरासरीभोवतीचा नेहमीचा चढउतार, 42 चे वर्गमूळ, म्हणजे साडेसहा येते. याचा अर्थ, अगदी सरासरी कुवतीच्या खेळाडूच्या खात्यावरही निव्वळ योगायोगाने एका हंगामात 29 गोल दिसू शकतात किंवा 55. ज्याला 29 चा आकडा लाभतो त्याला वर्तमानपत्रे बचावाचा भिंतीसारखा आधार म्हणतात आणि ज्याच्या वाट्याला 55 येतात त्याची पुढच्या वर्षी बदली होते. शिवाय या आकड्यात गोलरक्षकाचा वाटा प्रचंड आहे. आपण बर्फावर असताना आपला गोलरक्षक किती टक्के फटके अडवेल यावर आघाडीपटूचा टिकाऊ प्रभाव फारच थोडा असतो. एका वर्षीचा हा आकडा पुढच्या वर्षीच्या आकड्याबद्दल जवळजवळ काहीच सांगत नाही.

म्हणून विश्लेषकांनी गोलांऐवजी गोलवर मारलेल्या सर्व फटक्यांकडे मोर्चा वळवला. नेमावर गेलेले, नेम चुकलेले आणि वाटेत अडवले गेलेले, असे सर्व प्रयत्न मोजण्याच्या पद्धतीला कॉर्सी हे नाव बफेलो सेबर्स संघाचे गोलरक्षक-प्रशिक्षक जिम कॉर्सी यांच्यावरून पडले. अडवलेले फटके वगळून केलेल्या मोजणीला मॅट फेनविक या हौशी अभ्यासकाचे नाव मिळाले. लीगच्या घटनावार नोंदी 2007-08 च्या हंगामापासून सार्वजनिक असल्यामुळे ही मोजणी बाहेरच्या कोणालाही करता येते आणि 2015 साली लीगने स्वतःच्या संकेतस्थळावरही ती वेगळ्या नावाने छापायला सुरुवात केली. सरासरी संघ साठ मिनिटांत पंचावन्नच्या आसपास प्रयत्न करतो. हजार मिनिटांत ते नऊशेच्या वर जातात आणि त्यांचे प्रमाण विचलन तीसच्या घरात येते. गोलांमधला योगायोगाचा घोळ पंधरा टक्क्यांचा होता, तो इथे साडेतीन टक्क्यांच्याही खाली आला. प्रयत्न अनेकदा लागोपाठ होतात, त्यामुळे ते परस्परांपासून पूर्ण स्वतंत्र नसतात आणि खरा घोळ याहून थोडा अधिक असतो. तरी फरक डोळ्यांत भरण्याजोगाच आहे.

2021-22 मध्ये बर्जरॉन बर्फावर असताना समान स्थितीतील एकूण प्रयत्नांपैकी सुमारे 65 टक्के बोस्टनचे होते. ज्यांनी हे आकडे कधी पाहिले नाहीत त्यांना 65 हा आकडा फार मोठा वाटणार नाही. पण या मापात 55 टक्के गाठणारा खेळाडू उत्तम समजला जातो आणि 60 च्या पुढे पूर्ण हंगाम काढणारे हाताच्या बोटांवर मोजता येतात. 65 याचा अर्थ समोरच्याच्या प्रत्येक प्रयत्नामागे आपले जवळजवळ दोन.

प्रत्येक फटका सारखा नसतो

कॉर्सीवरचा रास्त आक्षेप असा की निळ्या रेषेजवळून मारलेला लांबचा फटका आणि गोलच्या तोंडाशी परतून आलेल्या पकवर मारलेला फटका यांना ती एकच किंमत देते. अपेक्षित गोल ही संकल्पना हा दोष काढते. गोलपासूनचे अंतर, कोन, फटक्याचा प्रकार, आधीची घटना कोणती व ती किती सेकंदांपूर्वी घडली, पक परतून आला होता का, या गोष्टींवरून त्या फटक्याचा गोल होण्याची संभाव्यता काढतात. त्यासाठी लॉजिस्टिक समाश्रयण (रिग्रेशन) किंवा निर्णयवृक्षांवर आधारित प्रारूपे वापरतात. साऱ्या संभाव्यतांची बेरीज म्हणजे अपेक्षित गोल. अडवलेल्या फटक्याची नोंद तो जिथे अडवला तिथली होत असल्यामुळे असे फटके बहुधा या प्रारूपांतून वगळले जातात. नोंद करणारी माणसे प्रत्येक बर्फगृहात वेगळी असतात आणि काही ठिकाणी फटके वास्तवापेक्षा गोलच्या जवळ नोंदवले जातात हेही ठाऊक आहे. त्यासाठीची दुरुस्ती करूनच तुलना करावी लागते.

दुहेरी आघाडीपटूच्या बाबतीत या मापाचा विशेष उपयोग आहे. एखादा संघ प्रयत्नांची संख्या वाढवूनही धोक्याच्या जागा मोकळ्या सोडू शकतो. सेंटरचे बचावातले मुख्य काम गोलसमोरचा पट्टा बंद ठेवण्याचे असल्यामुळे, त्याच्या उपस्थितीत विरोधकांच्या प्रयत्नांची संख्या घटली की प्रतही घसरली, हे वेगळे पाहिले पाहिजे. बर्जरॉनच्या बाबतीत दोन्ही मापे एकाच दिशेने बोलतात: अपेक्षित गोलांतला त्याच्या संघाचा वाटाही साठीच्या बऱ्याच वर होता. आणि गटातील चर्चेत सर्वांत वजनदार ठरला तो मुद्दा असा की हा वाटा केवळ स्वतःचे हल्ले वाढल्याने वर गेला नव्हता. विरोधकांचे हल्ले प्रत्यक्ष घटले होते. टक्केवारी वाढवण्याचे हे दोन मार्ग नेहमी अलग करून मांडावेत, कारण ज्या खेळाडूचा आकडा निव्वळ चढाईमुळे उंच आहे त्याला बचावाचा करंडक देण्यात अर्थ नाही.

ही टक्केवारी तीन दिशांनी घासून पाहिली. आघाडीवर असलेला संघ सावध खेळतो आणि पिछाडीवरचा संघ फटक्यांचा भडिमार करतो. बोस्टन त्या वर्षी 51 सामने जिंकलेला संघ असल्याने पुष्कळ वेळ आघाडीवर असायचा, म्हणजे धावफलकाची ही दुरुस्ती केल्यावर बर्जरॉनचा आकडा घसरण्याऐवजी टिकतो. पाळीची सुरुवात कोणत्या क्षेत्रात झाली याचा परिणाम लोकांना वाटतो त्यापेक्षा लहान आहे, कारण निम्म्याहून अधिक पाळ्या चालू खेळातच सुरू होतात. प्रतिस्पर्ध्यांच्या दर्जातला फरक पूर्ण हंगामात बराच विरून जातो. या तिन्ही गोष्टी तपासल्या पाहिजेत. या प्रकरणात त्यांपैकी कोणत्याही एकीने चित्र पालटत नाही.

श्रेय कोणाचे

आता मूळ गाठ. आतापर्यंतचे सर्व आकडे बर्जरॉन बर्फावर असतानाचे आहेत, बर्जरॉनचे नव्हेत. त्याच्या बाजूला आणखी चार खेळाडू होते आणि त्यांपैकी एक जवळजवळ नेहमी ब्रॅड मार्शाँ होता. डाव्या विंगवरचा हा खेळाडू स्वतः अव्वल दर्जाचा; त्याच हंगामात 70 सामन्यांत त्याचे 32 गोल आणि 48 साहाय्ये होती. हे दोघे दहा वर्षांहून अधिक काळ एकाच फळीत, म्हणजे एकत्र उतरणाऱ्या तीन आघाडीपटूंच्या गटात, खेळले. एकाच जुवाखाली चाललेल्या बैलजोडीतल्या कोणत्या बैलाने किती ओढले हे नांगरलेल्या शेतावरून सांगता येत नाही, तशी ही अडचण आहे.

पहिली पायरी सोपी आहे: खेळाडू बर्फावर असतानाचा आणि नसतानाचा संघ यांची तुलना. बोस्टनचा पूर्ण हंगामातील प्रयत्नांचा वाटा 54-55 टक्क्यांच्या घरात होता. समान स्थितीतील एकूण वेळेपैकी अंदाजे पाव वेळ बर्जरॉन बर्फावर होता असे धरले, तर उरलेल्या पाऊण वेळेत संघाचा वाटा 51 च्या आसपास येतो. म्हणजे फरक चौदा टक्क्यांचा. मात्र बर्जरॉन नसताना बर्फावर दुसरी, तिसरी आणि चौथी फळी होती. पहिली फळी इतरांपेक्षा सरस आहे, इतकेच यातून सिद्ध होते आणि ते प्रशिक्षकाला आधीच माहीत होते.

दुसरी पायरी जोडी फोडून पाहण्याची. मार्शाँसोबत बर्जरॉन, मार्शाँविना बर्जरॉन आणि बर्जरॉनविना मार्शाँ अशा तीन राशी करायच्या. 2021-22 हे वर्ष या दृष्टीने बरे आहे. बर्जरॉनचे नऊ सामने हुकले. मार्शाँला दोन वेळा मिळून नऊ सामन्यांची बंदी झाली. त्याहून महत्त्वाचे म्हणजे उजव्या विंगवरचा डेव्हिड पास्टरनाक जानेवारी 2022 च्या सुमारास दुसऱ्या फळीत गेला आणि पुढे त्या जागी जेक डिब्रस्क आला. गोल करण्यात पास्टरनाकची गणना लीगमधल्या अग्रगण्यांत होते. डिब्रस्कची तेव्हा नव्हती. उजवा विंगर बदलूनही फळीचे वर्चस्व कायम राहिले, यावरून पास्टरनाक हे त्या वर्चस्वाचे प्रमुख कारण नव्हते, असा निष्कर्ष काढता येतो. मार्शाँबद्दल इतक्या ठामपणे बोलता येत नाही. दोघे अलग असतानाची मिनिटे थोडी आहेत, त्यांतली काही दुखापतींनी खिळखिळ्या झालेल्या संघासोबतची आहेत, आणि इतक्या लहान नमुन्यात वर सांगितलेला योगायोगाचा घोळ पुन्हा डोके वर काढतो.

तिसरी पायरी या प्रकरणाचा गाभा आहे. जोड्या एकेक करून फोडण्याऐवजी संपूर्ण लीग एकाच समीकरणसंचात मांडतात. दहाही खेळाडू न बदलता जितका वेळ खेळ चालला तो एक तुकडा, म्हणजे सारणीतली एक ओळ. 1,312 सामन्यांच्या हंगामात अशा काही लाख ओळी होतात. प्रत्येक खेळाडूला दोन स्तंभ मिळतात, एक चढाईचा आणि एक बचावाचा. त्याखेरीज धावफलक, पाळीची सुरुवात, यजमानपद, लागोपाठच्या दिवशी खेळलेला सामना यांचे स्तंभ असतात. उजवीकडे त्या तुकड्यातील अपेक्षित गोलांचा दर ठेवायचा, तुकड्याच्या लांबीनुसार वजन द्यायचे आणि समाश्रयण करायचे. साध्या न्यूनतम वर्ग पद्धतीने हे गणित कोसळते, कारण बर्जरॉन आणि मार्शाँ यांचे स्तंभ जवळजवळ सारखेच आहेत. एकाला अवास्तव मोठे धन आणि दुसऱ्याला तितकेच मोठे ऋण मूल्य मिळाले तरी समीकरण समाधानी राहते. यावर उपाय रिज समाश्रयणाचा, जे होर्ल आणि केनार्ड यांनी 1970 साली मांडले: गुणांक शून्यापासून जितके दूर, तितका त्यांच्यावर दंड. बास्केटबॉलच्या विश्लेषणात ही पद्धत आधी रुळली आणि तिथून हॉकीत आली.

दंडाचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे, नाहीतर निकालाचे वाचन चुकते. रिजचा दंड म्हणजे बेझच्या संख्याशास्त्राच्या भाषेत प्रत्येक खेळाडू सरासरी आहे असा पूर्वग्रह. पुरावा जितका भक्कम तितका गुणांक त्या पूर्वग्रहापासून दूर जाऊ शकतो. पुण्यात हा विचार परका नाही. येथील विद्यापीठाच्या संख्याशास्त्र विभागाची उभारणी करणारे वसंत शंकर हुजूरबाजार केंब्रिजला ज्यांच्या हाताखाली शिकले ते हॅरॉल्ड जेफ्रीज, म्हणजे पूर्वसंभाव्यतेचा प्रश्न आयुष्यभर लावून धरणारे गणिती. आमच्या गटातील विद्यार्थ्यांना दंड या शब्दापेक्षा पूर्वसंभाव्यता या बाजूने शिरल्यावर पद्धत लवकर उमगली, आणि तिची मर्यादाही. सदैव एकत्र असणाऱ्या दोघांमध्ये ती श्रेय जवळजवळ समान वाटते. हा तिने शोधलेला निष्कर्ष नसून पुराव्याच्या अभावी स्वीकारलेली तडजोड आहे. दोघांपैकी एक खरोखर वरचढ असेल, तर त्याला थोडे कमी आणि दुसऱ्याला थोडे जास्त मिळणार.

या मर्यादेतून निघण्याचा प्रामाणिक मार्ग एकच आहे, तो म्हणजे अनेक हंगाम एकत्र घेणे. बर्जरॉनच्या कारकिर्दीत उजवा विंगर वारंवार बदलला, बचावपटूंच्या जोड्या बदलल्या, गोलरक्षक बदलले, क्लोद ज्युलियाँ यांच्यानंतर ब्रूस कॅसिडी आणि त्यांच्यानंतर जिम माँटगोमेरी असे प्रशिक्षक आले. इतके सगळे बदलत असताना, सेंटर तोच असलेल्या फळीसमोर विरोधकांचे हल्ले वर्षानुवर्षे आटलेले राहिले. मार्शाँ या काळात बहुतेक वेळ सोबत होता, म्हणून त्याचा वाटा शून्य मानता येत नाही. पण बर्फाच्या मधल्या पट्ट्याची जबाबदारी सेंटरची असते, आणि बचावाच्या गुणांकातला मोठा भाग बर्जरॉनच्या खात्यावर टाकण्यास खेळाच्या रचनेचाच आधार आहे. ज्ञान आकड्यांतून येते तसे ते खेळाच्या जाणकारीतूनही येते, आणि पूर्वसंभाव्यता ठरवताना ते वापरण्यात काही गैर नाही, फक्त ते वापरले आहे हे उघड लिहिले पाहिजे.

निवृत्तीनंतरचे वर्षही पुरावा म्हणून पुढे येते. 2022-23 मध्ये बोस्टनने 65 विजय आणि 135 गुणांचा विक्रम केला. 2023-24 मध्ये 109 गुण मिळाले आणि प्रयत्नांतला वाटा पन्नासच्या आसपास उतरला. हे चित्र वर मांडलेल्या मताला पूरक आहे, परंतु त्याच उन्हाळ्यात दुसऱ्या फळीचा सेंटर डेव्हिड क्रेची यानेही निवृत्ती घेतली आणि इतरही खेळाडू गेले. त्यामुळे या घसरणीचे सारे माप बर्जरॉनच्या अनुपस्थितीला लावणे अन्यायाचे होईल. 109 गुण ही स्वतःच मोठी कमाई आहे आणि तिच्यामागे लिनस उल्मार्क व जेरेमी स्वेमन या गोलरक्षकांची कामगिरी होती. गुणतक्ता आणि आघाडीपटूचे मूल्य यांचा संबंध किती सैल असतो, हे यातून दिसते.

फेसऑफचे वजन

मतदार पत्रकार आणि समालोचक यांना बर्जरॉनच्या बाबतीत सर्वांत आवडणारा आकडा फेसऑफचा. खेळ पुन्हा सुरू करताना दोन सेंटरमध्ये पक टाकला जातो. 2021-22 मध्ये त्याने असे सुमारे 62 टक्के झगडे जिंकले आणि जिंकलेल्यांची संख्या हजाराच्या जवळ गेली. म्हणजे जिंकलेल्या आणि हरलेल्यांमधला फरक पावणेचारशेच्या पुढे. अभ्यासकांच्या अंदाजांनुसार जिंकलेल्या फेसऑफची अशी पाऊणशे ते शंभरची निव्वळ आघाडी साधारण एका गोलाइतकी भरते. त्या हिशेबाने पूर्ण हंगामात चार-पाच गोल. एका विजयाची किंमत गोलफरकात सहाच्या आसपास धरतात, तेव्हा लीगमधल्या सर्वोत्तम फेसऑफ घेणाऱ्याच्या या कौशल्याने संघाला वर्षभरात एक पूर्ण विजयही मिळत नाही.

आणि तेही वेगळे धरायचे नाही. फेसऑफ जिंकल्यामुळे जे प्रयत्न वाढले आणि विरोधकांचे जे टळले, ते त्याच्या बर्फावरील आकड्यांत आधीच मोजले गेले आहेत. अपेक्षित गोलांचा गुणांक मांडून त्याशेजारी फेसऑफची टक्केवारी जोडणारा लेखक एकच गोष्ट दोनदा मोजतो. हा दोष इतका सर्रास आढळतो की तो स्वतंत्रपणे नोंदवणे आवश्यक वाटले.

संख्येने कमी असताना बचाव करण्याच्या प्रसंगांतही बर्जरॉन उतरत असे. तिथली मिनिटे थोडी असल्याने एका हंगामावरून काहीही म्हणणे धाडसाचे ठरेल.

निवाडा

सेल्की करंडक 2022 साली योग्य हातांत गेला, असे या तपासणीनंतर मी निःसंकोचपणे म्हणेन. मात्र मतदारांनी पुढे केलेल्या कारणांसाठी नव्हे. फेसऑफची टक्केवारी, कर्णधाराचा लौकिक, आधीचे चार करंडक यांपैकी एकही गोष्ट त्या हंगामाचा पुरावा नाही. पुरावा आहे तो विरोधकांच्या अपेक्षित गोलांच्या घटलेल्या दराचा, उजवा विंगर बदलल्यावरही ती घट टिकल्याचा, आणि अनेक हंगामांच्या समाश्रयणात त्याचा बचावाचा गुणांक सातत्याने वर राहिल्याचा. 65 टक्के हा आकडा मात्र फळीचा म्हणूनच लिहावा. तो पूर्णपणे बर्जरॉनच्या नावे लिहिणाऱ्याने मार्शाँवर अन्याय केला, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रशिक्षकाच्या प्रश्नाचा एक भाग अजून शिल्लक राहतो. हल्ले घटले हे कळले. ते कसे घटले हे या सारणीतून कळत नाही. एरिक टल्स्की, जे पुढे कॅरोलिना हरिकेन्सचे महाव्यवस्थापक झाले, त्यांनी सहकाऱ्यांसह चित्रफितींवरून नोंदी करून दाखवले होते की पक ताब्यात ठेवून विरोधी क्षेत्रात शिरल्यास, तो आत फेकून मागे धावण्यापेक्षा दुपटीहून अधिक फटके मिळतात. असा ताब्यातला प्रवेश मधल्या बर्फावरच रोखणारा सेंटर फटका मारला जाण्याआधीच तो टाळतो, आणि न दिलेल्या पासची गोष्ट नेमकी हीच आहे. आता पक आणि खेळाडू यांच्या हालचाली संवेदकांनी टिपल्या जातात आणि लीगने 2023 साली त्यांतला काही भाग सार्वजनिक केला. तरी प्रत्येक क्षणी कोण कुठे होता याची कच्ची माहिती बाहेरच्या अभ्यासकाला मिळत नाही.

मैदानी हॉकीसाठी

नेहरूनगरच्या निळ्या टर्फवर हे सर्व जसेच्या तसे लागू होणार नाही. अकरा खेळाडू, पंधरा मिनिटांची चार सत्रे आणि सामन्यात थोडेच फटके. फटक्यांऐवजी डीमधील, म्हणजे गोलसमोरच्या अर्धवर्तुळातील, प्रवेश मोजावे लागतील, आणि तेही एका संघाला सामन्यात पंधरा ते पंचवीस मिळतात. दहा सामने पाहिले तरी दोनशेच्या आसपास नोंदी होतात, प्रमाण विचलन चौदा, म्हणजे सात टक्के. खेळाडू मैदानात असतानाचा आणि नसतानाचा असे दोन भाग केले की घोळ आणखी वाढतो. एका स्पर्धेवरून आघाडीपटूच्या बचावाचा निवाडा करता येणार नाही, हे प्रशिक्षकांनी आधीच मान्य करावे.

तरीही एक गोष्ट अनुकूल आहे. मैदानी हॉकीत बदल्यांना मर्यादा नाही आणि आघाडीपटू सामन्यात अनेकदा आत-बाहेर होतो, त्यामुळे तुलनेसाठी लागणारे तुकडे आपोआप तयार होतात. ते कोणी लिहून ठेवत नाही, एवढेच. गोल, कार्ड, पेनल्टी कॉर्नर यांच्या नोंदी गुणपत्रकावर असतात. कोणता खेळाडू कोणत्या मिनिटाला आत आला आणि कोणत्या मिनिटाला बाहेर गेला याची नसते. गटाने ठरवलेल्या नमुना-तक्त्यात म्हणून पहिले दोन स्तंभ बदलीच्या वेळेचे आहेत, तिसरा 23 मीटरच्या रेषेआत विरोधकांनी चेंडू ताब्यात ठेवून केलेल्या प्रवेशाचा, आणि चौथा त्या प्रवेशाच्या क्षणी आपला आघाडीपटू चेंडूच्या मागे परतलेला होता की नव्हता, याचा.